रोजचं दहा मिनिटांचं आनापान: कुठे चुकतं, का चुकतं

नाकासमोर (धागाकर्ता)

'वर्तमानात जगा' हे वाक्य हल्ली चहाच्या मगवरसुद्धा छापलेलं असतं. सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे काही त्या मगवर मावत नाही. म्हणून हा धागा. विषय मुद्दाम चिंचोळा ठेवतोय: आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता जाणणं. विपश्यना ध्यान शिकवणारे गोएंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. त्यामुळे आपल्याकडे ओळखीपाळखीत कुणीतरी 'दहा दिवस', म्हणजे तिथलं शिबिर, करून आलेलं सापडतंच. त्या दहांतले पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान असतं, विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदना बघणं, चौथ्या दिवशी दुपारी सुरू होते. तिथे पहाटे चारची घंटा, मौन, शिजलेलं ताट, सगळं साधकाच्या बाजूने असतं. घरी कुकरची शिट्टी असते. बहुतेकांचं घोडं अडतं ते घरीच.

कृती अशी. बसा (बसायचं कसं ते जाणकार खाली लिहितीलच). डोळे आणि तोंड मिटा. नाकपुड्यांची कड आणि तिच्याखाली वरच्या ओठापर्यंतची जागा, बोटाच्या पेरात मावेल एवढीच. श्वास तिथे लागतो. आत येताना बहुतेकांना किंचित गार, बाहेर जाताना कोमट. डावीकडून जास्त वाहतोय की उजवीकडून, लांब आहे की आखूड, हे कळलं तर कळू द्या. बदलायला जाऊ नका. नाकपुड्या काही तासांनी आपोआप आलटूनपालटून मोकळ्या होतात, तेव्हा एकच बाजू जाणवली म्हणून सर्दी झाली असं समजू नका. काहीच जाणवत नसेल तर तीन-चार श्वास जरा जोराने घ्यावेत, स्पर्श सापडला की पुन्हा जसा चालतोय तसा चालू द्यावा.

मन गेलं हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी पुन्हा त्याच जागी यायचं. जो विचार चालू होता तो 'एवढा संपवून येतो' असं म्हणायचं नाही, आणि स्वतःवर खेकसायचंही नाही. एवढंच. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात, म्हणजे दहा मिनिटांत सव्वाशे-दीडशे श्वास आरामात. त्यातले दहा जरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळले तरी पहिल्या आठवड्यासाठी पुष्कळ झाले.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लक्ष श्वासावर नेलं की माणूस श्वास *घ्यायला* लागतो. हृदयाचे ठोके आपण ठरवून चालवू शकत नाही, पण श्वास दोन्हीकडून चालतो, आपोआपही आणि मर्जीनेही. लक्ष गेलं की मर्जी मध्ये पडते. मग श्वास खोल आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि चार-पाच मिनिटांत ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत आवळल्यासारखं वाटतं. काही जण याला 'अनुभव' समजतात. तो अनुभव नव्हे, जास्त श्वास घेतल्याचा परिणाम आहे. उपाय: उच्छ्वास संपतो तिथे एक छोटा विसावा असतो, तो शोधा. तिथे थांबा, आणि पुढचा श्वास आपण आणायचा नाही, तो येईल तेव्हा येऊ द्यायचा. येतोच. हे प्राणायाम नाही. प्राणायामात श्वासाला वळण लावतात, इथे त्याच्याकडे बघतात. एकाच बैठकीत दोन्ही केले तर दोन्ही बिघडतात. करायचेच असतील तर आधी प्राणायाम, मग पाच मिनिटं नुसतं बसणं, मग आनापान.

वेळ: सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा. जेवल्यावर दीड तास तरी नको. पहिले पंधरा दिवस वाढवू नका.

कोकमसार

छान धागा. दोन शंका. बसल्यावर भुवयांच्या मध्ये ताण येतो, काहींचं कपाळ दुखतं, ते का? आणि श्वास मोजावेत की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सतरंजी

कपाळाचं मी घेतो. नाकाच्या कडेवर लक्ष द्या म्हटलं की मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं तिकडे वळतात. डोळे मिटून सुई ओवल्यासारखं ते. डोळ्यांचे आणि कपाळाचे स्नायू दहा मिनिटं आवळून धरले तर दुखणारच. श्वास डोळ्यांनी बघायचा नाही, त्वचेने जाणायचा आहे. बुबुळं समोर, किंचित खाली सैल सोडा. बसल्यावर पहिल्या मिनिटात जबडा तपासा: वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नकोत, ओठ मात्र मिटलेले. दात सुटले की कपाळ निम्मं सुटतं.

बसण्याबद्दल. लोक सपाट जमिनीवर मांडी घालतात आणि पाच मिनिटांत पाठ धनुष्य होते. कारण सोपं आहे. मांड्या मागून आखडलेल्या असतील तर गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागे कलंडते आणि कणा गोल होतो. म्हणून बूड उंच हवं. जाड सतरंजीची किंवा घोंगडीची घडी करून चार ते सहा इंच उंची करा, आणि तिच्या पुढच्या तिसऱ्या भागावरच बसा, पूर्ण आत सरकून नाही. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी. फोमची मऊ उशी नको, ती पाच मिनिटांत दबते. हनुवटी किंचित आत. हात मांडीवर एकात एक, पण हातांच्या वजनाने खांदे पुढे ओढले जात असतील तर हातांखालीही टॉवेल.

पद्मासन लागत नाही म्हणून अडून बसणारे भेटतात. त्याची काही गरज नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येत असेल तर मांडीसुद्धा नको, सरळ खुर्ची घ्या. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, पाय पोचत नसतील तर खाली पाट, पाठ टेक्यापासून चार बोटं सुटी. बिनहाताची जेवणाची खुर्ची सोफ्यापेक्षा केव्हाही बरी.

पायाला मुंग्या: रक्त थांबतं असं सगळे म्हणतात, पण मुख्यतः नस दबलेली असते. उठल्यावर मिनिट-दोन मिनिटांत जात असतील तर काळजी नाही. मात्र बधिर पायावर तसंच उभं राहू नका, पाऊल मुरगळतं. आधी पाय लांब करा, अंगठे हलवा, मग उठा. बधिरपणा नंतर तासभर राहत असेल किंवा पाऊल वर उचलायला जड जात असेल तर ते आसन बंद करून डॉक्टरांना दाखवा.

पाली_वाचक

मोजण्याबद्दल. हा वाद आजचा नाही. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या भिक्षूने लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात आनापानाची सुरुवातच मोजण्याने आहे, आणि आकडाही ठरवून दिलाय: पाचापेक्षा कमी नाही, दहापेक्षा जास्त नाही. कारणही दिलंय. पाचाच्या आत थांबलात तर अरुंद गोठ्यात कोंबलेल्या गुरांसारखं मन धडपडतं. दहाच्या पुढे गेलात तर मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. आधी धान्य मापणाऱ्यासारखं सावकाश मोजायचं, मग गुराख्यासारखं. गुराखी गोठ्याच्या दाराशी बसतो आणि दारात आलेलं जनावर मोजतो, आत किंवा बाहेर कुणाच्या मागे पळत नाही. (गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती संपादित केली, १९४०. मूळ पाली बघायचं असेल त्यांनी ती बघावी.)

व्यवहारात: उच्छ्वास संपताना मनातल्या मनात 'एक', पुढच्याला 'दोन', असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. चुकलं की जिथे चुकलं तिथून नाही, एकपासून. तंद्रीत सतरा-अठरावर पोचलात तर आकडे पाठांतराने चाललेत आणि श्वास केव्हाच सुटलाय असं समजा. आकडा कुजबुजीएवढा, श्वास मोठा. उलट व्हायला लागलं की मोजणं सोडून द्यायची वेळ आली.

नाकासमोर

इथे एक भर घालतो, नाहीतर गोंधळ होईल. धम्मगिरीच्या परंपरेत मोजणं, मंत्र, नाम, रूप, काहीही श्वासाला जोडायचं नाही असं स्पष्ट सांगतात. शब्द जोडला की मन पटकन एकाग्र होतं हे तेही मान्य करतात. पण पुढे शरीरावरच्या संवेदना बघायच्या असतात, तिथे शब्द आड येतो. म्हणून शिबिरात असाल तर तिथलंच करा, इथला सल्ला तिथे नेऊ नका. घरी एकटे सुरू करत असाल तर पहिले पंधरा दिवस मोजा, मग सोडा. रोज पद्धत बदलणाऱ्याला कुठलीच जमत नाही.

शंकेखोर

मला या सगळ्यातल्या 'वर्तमानात जगा'वरच आक्षेप आहे. मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधं, उद्याचा डबा, हे सगळं भविष्यच आहे. वर्तमानात राहणारा माणूस संसार कसा करणार?

पाली_वाचक

आक्षेप योग्य आहे, पण तो मगवरच्या वाक्याला लागू होतो, मूळ गोष्टीला नाही. ज्या शब्दाचं आपण 'सजगता' करतो तो पालीत 'सति', म्हणजे संस्कृतातली स्मृति. मूळ अर्थच आठवण. कसली, तर आत्ता काय करतोय याची. आनापानाच्या सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) क्रियापद आहे 'पजानाति': दीर्घ श्वास घेताना दीर्घ घेतोय हे जाणतो. विचार बंद करतो असं कुठेही नाही.

'भूतकाळामागे जाऊ नये, भविष्याची आस धरू नये' अशा अर्थाची गाथा ज्या सुत्तात येते ते मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातलं १३१ वं. तिथेच पुढे खुलासा आहे: पूर्वी माझं रूप असं होतं, माझ्या संवेदना अशा होत्या, असं म्हणत त्यात रमणं म्हणजे भूतकाळामागे जाणं. आठवण येण्याला हरकत नाही, तिच्यात रमण्याला आहे. उद्याच्या डब्याचा बेत करायला बसलात तर बेत करतोय हे ठाऊक असावं. आंघोळ करता करता तोच बेत सहाव्यांदा चालू असेल आणि साबण लावला की नाही तेही आठवत नसेल, तर ती विस्मृती. फीचे पैसे त्याने भरले जात नाहीत.

शंकेखोर

हे पटण्यासारखं आहे. आता पुरावा. शास्त्रीय म्हणून जे सांगतात त्यात तथ्य किती?

दोन_घडी

थोडं आहे, आणि जेवढं आहे तेवढंच सांगावं. २०१० मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांचा अभ्यास आला. २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसात अवेळी विचारायचं: काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. सुखद गोष्टीत भटकलेलं मनही कामात असलेल्या मनापेक्षा जास्त खूश निघालं नाही, हा त्यातला खरा चमत्कारिक भाग. पण हा अभ्यास मन भटकण्याबद्दल आहे. ध्यानाने ते थांबतं की नाही, हे त्यात तपासलेलं नाही. तो आकडा ध्यानाच्या जाहिरातीत टाकतात ते चूक.

ध्यानाच्या उपयोगाबद्दल २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, एकूण ३,५१५ माणसं. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. झोप, लक्ष, वजन यांच्याबद्दल ठोस काही हाती लागलं नाही. आणि औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असंही दिसलं नाही. तेव्हा चालू गोळ्या बंद करून आनापान, हा वेडेपणा कुणी करू नये.

या चाचण्यांत बरेचदा जो साचा असतो तो जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला. आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस, आणि घरी आठवड्यातले सहा दिवस ४५ मिनिटं. मोबाइलवर रोज तीन मिनिटं ऐकून तोच परिणाम मिळेल ही अपेक्षा म्हणजे अर्ध्या गोळीत पूर्ण ताप उतरवणं.

घोटभर_चहा

त्या कार्यक्रमाच्या पहिल्याच वर्गात एक बेदाणा खायला देतात, तो प्रयोग घरी करण्यासारखा आहे, आणि आपल्याकडे तासगावचा बेदाणा मिळत असताना न करण्याचं कारण नाही. मूठभर घेऊ नका, तिथेच बहुतेकांचा बिघडतो. एकच. तळहातावर ठेवून मिनिटभर नुसता बघा: सुरकुत्या, देठाची खूण, उजेड आरपार जातो का. मग बोटांत फिरवा. कानाशी धरून दाबा, बारीक आवाज येतो. वास घ्या. इथे तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे अजून खाल्लाही नाही आणि शरीर कामाला लागलंय, ते जाणा. जिभेवर ठेवा, चावू नका. मग एकदाच चावा आणि थांबा. पुढचं चावणं आपोआप होऊ बघतं, ती ओढ पकडायची. शेवटी गिळण्याची इच्छा आणि गिळणं यांच्यातली फट. एका बेदाण्याला चार-पाच मिनिटं लागतात. वासाला गंधकाची धुरी जाणवली तर धुऊन, पुसून घ्या.

रोजच्या कामात एकच काम निवडा आणि पंधरा दिवस तेच. 'दिवसभर सजग राहीन' हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. भांडी हे उत्तम काम आहे, पण सगळी नाही. पहिली पाच भांडी. पाण्याचा गारवा, काथ्याचा खरखरीतपणा, तूप लागलेल्या वाटीचा निसटता स्पर्श आणि घासल्यावर बोटाखाली येणारी करकर. पाच झाली की रेडिओ लावा खुशाल. सहाव्या भांड्यालाही लक्ष राहिलं तर राहू द्या, पण मागणी पाचांचीच.

भाकरी थापणं मात्र यासाठी घेऊ नका. ते शिकत असताना आपोआप लक्ष असतं आणि हात बसल्यावर अजिबात नसतं. मध्यम अवघड कामच बरं.

सव्वानऊची_लोकल

गाडीत करता येतं का हे नेहमी विचारतात. येतं, पण डोळे मिटून नाकाच्या कडेवर नाही. उभे असाल तर तळव्यांवर लक्ष ठेवा. गाडी वेग घेते तेव्हा वजन मागच्या पायावर जातं, ब्रेक लागतो तेव्हा पुढच्या. एका स्टेशनपासून पुढच्यापर्यंत एवढंच. मग एक स्टेशन मोकळं सोडा. मोबाइल खिशात ठेवल्यावर अंगठ्याला जी शिवशिव होते तीही जाणण्यासारखी गोष्ट आहे.

दुचाकी किंवा चारचाकी चालवताना श्वासावर लक्ष आणू नका. लक्ष अरुंद करण्याची ती जागा नव्हे. चालवताना सजगता म्हणजे आरसे, हॉर्न, पुढच्याचे ब्रेकलाइट. सिग्नलला थांबल्यावर हँडलवरची पकड सैल करा, एवढं पुरे.

कोकमसार

सतरंजी, जबड्याचा उपाय बरोब्बर आहे, धन्यवाद. आता झोपेचं बोला. विशेषतः संध्याकाळच्या बैठकीला मान पुढे पडते.

नाकासमोर

झोप येण्याची कारणं तीन आणि तिन्ही वेगळी. रात्रीची झोप अपुरी: मग झोपा, ध्यानाने झोपेचं कर्ज फिटत नाही. पोट भरलेलं: वेळ बदला. तिसरं जास्त फसवं. श्वास बारीक होत जातो, स्पर्श जाणवेनासा होतो, आणि धरायला काहीच उरलं नाही म्हणून मन घरंगळतं. याला लोक शांती समजतात. ओळखायची खूण अशी की बैठक संपल्यावर ताजं वाटतं की जड, ते बघा. जड वाटलं तर ती डुलकी होती. अशा वेळी डोळे अर्धे उघडा, तीन-चार फुटांवर जमिनीकडे नजर टाका, चार श्वास जोराने घ्या, पाठ पुन्हा उभी करा. पाठ वाकल्यामुळेही झोप येते, फक्त झोपेमुळेच पाठ वाकते असं नाही.

पाली_वाचक

अंगुत्तर निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात बुद्धांचा शिष्य मोग्गल्लान ध्यानात पेंगायला लागतो तेव्हा बुद्ध त्याला क्रमाने सात उपाय सांगतात. ज्या गोष्टीवर मन असताना पेंग आली ती सोड. नाही गेली तर ऐकलेल्या धम्माचा विचार कर. नाही तर तो मोठ्याने म्हण. नाही तर दोन्ही कान ओढ आणि हातपाय चोळ. नाही तर उठून डोळ्यांवर पाणी मार, दिशा बघ, आकाशातली नक्षत्रं बघ. नाही तर रात्रीही दिवस आहे असा उजेड मनात धर. नाही तर येरझाऱ्या घाल. आणि इतकं करूनही गेली नाही, तर उजव्या कुशीवर झोप. कान ओढणं हा उपाय अडीच हजार वर्षांनीही लागू पडतो, शिवाय फुकट.

पाऊलवाट

येरझाऱ्यांवरून: दहा-पंधरा पावलांची जागा पुरते, गच्ची किंवा गॅलरी. अनवाणी. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, हे तीन भाग. फार हळू चालू नका, तोल जातो आणि मग सगळं लक्ष तोल सावरण्यातच जातं. शेवटाला पोचल्यावर लगेच वळू नका, थांबा, मग वळा. वळतानाच मन पळतं. बसून अस्वस्थ होणाऱ्यांनी सरळ इथूनच सुरुवात करावी.

कोकमसार

आणि विचार फारच चिकट असेल तर? तोच तो पुन्हा येतो, परत आलं तरी लगेच ओढून नेतो.

नाकासमोर

ब्रह्मदेशातले ध्यानगुरू महासी सयाडो यांच्या पद्धतीत नाव द्यायची सोय आहे. तिथे लक्ष नाकावर नसून पोटावर असतं: 'फुगतंय', 'बसतंय'. विचार आला की 'विचार, विचार' अशी नोंद, आणि परत पोट. मराठीत चार नावं पुरतात: आठवण, बेत, हिशेब, भांडण. (भांडण म्हणजे मनातल्या मनात कुणाला तरी दिलेलं बिनतोड उत्तर. सगळ्यात जास्त वेळ हेच खातं.) नाव एकदाच, फार तर दोनदा, आवाज न चढवता. 'पुन्हा तेच भांडण, काय माणूस आहे मी!' हे नाव नव्हे, तो नवा विचार झाला. चिकट विचाराबरोबर शरीरात कुठेतरी काहीतरी असतंच, घसा आवळलेला, पोटात गोळा, खांदे वर. विचाराचा मजकूर सोडून दहा श्वास तिथे थांबा, मग नाकाकडे. खरंच करायचं काम आठवलं असेल तर बसण्याआधी शेजारी कागद-पेन्सिल ठेवायची, एका शब्दात टिपायचं. प्रत्येक बैठकीला जास्तीत जास्त एकदाच.

दुसरी_घंटा

मुलांबद्दल लिहायला हवं. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र उपक्रम' म्हणून आनापान आणलं गेलं: दिवसाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, शेवटी दहा. कल्पना चांगली, फसते ती अंमलबजावणीत. मुख्य कारण म्हणजे शिक्षक स्वतः बसत नाहीत, वर्गात फिरत 'डोळे मिट रे' म्हणत राहतात. मुलं मग श्वास सोडून पावलांचा कानोसा घेतात. दुसरं, गडबड केली म्हणून 'चल, आनापान कर' अशी शिक्षा. एकदा शिक्षा झाली की ती गोष्ट संपली. घरी लहान मुलांना पाच मिनिटं पुष्कळ. हलली तर हलू द्या. मिटलेल्या डोळ्यांची सक्ती नको, काही मुलांना डोळे मिटायची भीती वाटते.

दोन_घडी

भीतीवरून महत्त्वाचं. मोठ्या आघातातून गेलेल्यांना, तीव्र नैराश्य चालू असलेल्यांना, कधी भ्रम-भास झालेल्यांना डोळे मिटून दीर्घकाळ बसणं त्रासाचं ठरू शकतं. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात ती याचसाठी. ती लपवू नका. घरीही बसल्यावर धडधड दर वेळी वाढत चालली, आजूबाजूचं खोटं-खोटं वाटायला लागलं, सलग दोन रात्री झोप लागली नाही, तर बैठक थांबवा. 'टिकून राहा, निघून जाईल' हा सल्ला इथे लागू नाही. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, गार पाण्यात हात धरा, कुणाशी तरी बोला, आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

दमा असणाऱ्यांना किंवा घाबरल्यावर आधी श्वासच अडकणाऱ्यांना श्वास हा मुळात चुकीचा आधार आहे. त्यांनी तळहात मांडीवर उपडे ठेवून त्यांचा स्पर्श घ्यावा, किंवा पंख्याचा आवाज. मन परत आणायचं काम तेच, फक्त खुंटी वेगळी.

शंकेखोर

शेवटची शंका, मग मी गप्प. दहा मिनिटं झाली का हे बघायला सारखे डोळे उघडावेसे वाटतात. आणि मधले दिवस बुडतात, त्याचं काय?

नाकासमोर

घड्याळ नजरेच्या टप्प्यात असेल तर मन तिथेच बसणार. टायमर लावा, पण टिकटिकणारा नको. फोन वापरायचाच तर विमान मोडवर, पालथा, हात पोचणार नाही एवढ्या लांब. गजराचा आवाज हळू. दचकवणारा असेल तर शेवटची दोन मिनिटं त्याची वाट बघण्यात जातात. उदबत्तीने वेळ मोजणारेही आहेत, पण ती लांब ठेवा, धूर नाकातच जातो. 'आता किती राहिलं' हा विचार आला की त्याला 'बेत' म्हणा आणि परत या. गजर झाल्यावर लगेच फोन हातात न घेता अर्धा मिनिट तसंच बसा, नाहीतर बैठक संपते ती कुणाच्या तरी शुभसकाळवर.

बुडाला दिवस तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं, वीस नाही. भरपाई सुरू केली की तिसऱ्या दिवशी तीसची धास्ती बसते आणि चौथ्या दिवशी सतरंजी कपाटात जाते. घडी केलेली सतरंजी उचलून ठेवू नका, कोपऱ्यात तशीच राहू द्या.

मूळ लेखात बुबुळं आणि जबड्याबद्दलच्या दोन ओळी सतरंजी यांच्या नावाने घालतो, आणि 'डोळे मिटा'च्या पुढे 'त्रास होत असेल तर अर्धे उघडे' असं जोडतो. शरीरावर लक्ष फिरवण्याचा, झोपून करायचा प्रकार इथे घेतला नाही, त्यात लोक पहिल्या गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागतात. त्यावर वेगळा धागा पाऊलवाट काढणार असतील तर उत्तम.

पाऊलवाट

काढतो. तोपर्यंत ज्यांना करून बघायचंय त्यांनी गुडघे दुमडून, तळवे गादीवर टेकवून झोपा. झोप लागली की गुडघा कलंडतो आणि जाग येते.